मानेत अडकलेली डोकेदुखी

मागच्या उन्हाळ्यात चार दिवस लातूरला माझ्या धाकट्या जावेकडे राहायला गेले होते. पहिल्याच सकाळी पाहते तो बाईने कपाळाला फडके करकचून बांधलेले. "जयभीम अक्का, बसा, चहा टाकते," म्हणाली आणि चहाचे आधण ठेवण्याआधी फळीवरच्या डब्यातून एक गोळी काढून तिने कोरडीच गिळली.

"कशाची गं गोळी?"

"डोक्याची. रोजचीच हाय. दोन वरसं झाली. ही घेतल्याबिगर पोळपाटापुढं बसताच येत न्हाई."

"ठणकतं का?"

"ठणकत न्हाई अक्का. कुणी चऱ्हाटानं आवळून धरल्यावानी होतंय. मागून मानेतून निघतं आन् दोन्ही कानशिलाला येऊन बसतं. दिवस मावळला का जास्तच."

तेवढ्यात आमचे भाऊजी बाहेरून बोलले, "वहिनी, तिला काई झालं न्हाई. नुसतं टेन्शन घेती ती."

हे वाक्य मी नांदेडला परिचारिकेची नोकरी करताना किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही. बाई डोके धरून येते, सोबत आलेला नवरा किंवा सासू म्हणते की नुसते टेन्शन आहे, सोंग आहे, कामाचा कंटाळा आहे. कधीकधी त्याच्याही पुढे जाऊन बाहेरचे काही असेल म्हणून लिंबू उतरवून आलेले असतात. बाई गप्प बसते. तिलाही मनातून वाटू लागते की आपलेच काही चुकते आहे.

खरे असे आहे की डॉक्टर ज्याला टेन्शनची डोकेदुखी म्हणतात त्यातल्या टेन्शन शब्दाचा अर्थ काळजी एवढाच नाही. टेन्शन म्हणजे ताण, दोरीला बसतो तसा. मान, खांदे, कानशिले, जबडा यांचे स्नायू तासन्‌तास ताठ राहिले की त्यांत दुखरी जागा तयार होते आणि ते दुखणे डोक्यात जाणवते. हेच दुखणे महिनोन्‌महिने चालू राहिले तर मेंदूतील वेदना ओळखणारी यंत्रणाच हळवी होते आणि साध्या दाबालाही दुखू लागते. काळजी, अपुरी झोप, उपाशीपोटी काम यांनी ते वाढते हे खरे. पण ते सोंग नव्हे. जगात सर्वात जास्त माणसांना होणाऱ्या दुखण्यांपैकी हे एक आहे.

याची ओळख अवघड नाही. दुखणे दोन्ही बाजूंना असते, आवळल्यासारखे किंवा ओझे ठेवल्यासारखे. चालल्याने, जिना चढल्याने ते वाढत नाही. उलटी होत नाही. अर्ध्या तासापासून आठवडाभरही टिकू शकते. उलट अर्धशिशीत बहुधा एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसत नाही, माणूस अंधारात पडून राहतो. महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस, आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ आवळल्यासारखे डोके दुखत असेल तर ते जुनाट झाले असे समजावे. माझ्या जावेचे तसेच झाले होते.

आता त्या घराकडे पाहा. भाऊजी लातूरच्या मार्केट यार्डात हमाल. तूर, सोयाबीन, हरभऱ्याची पोती मानेवर आणि पाठीवर. जाऊ ट्यूशन एरियातल्या एका खानावळीत पोळ्या लाटते, सकाळी दीडशे आणि संध्याकाळी दीडशे, मान खाली घालून. पुतणी बारावीला, नीटची तयारी, रात्री दोनपर्यंत जमिनीवर पुस्तक ठेवून पाठ वाकवून बसलेली. तिघांची कामे वेगळी, पण मान एकच. रात्री तिघेही त्या एकाच डब्यात हात घालत.

आपल्या भाषेत माथाडी हा शब्द आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, काही सवलती मिळाल्या. पण घरात आणि वस्तीत माथ्यावर ओझे वाहणाऱ्या बाईला कोणी माथाडी म्हणत नाही. १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलो पाणी, वर भांड्याचे वजन. लातूरने २०१६ साली जे दिवस पाहिले ते विसरता येण्यासारखे नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा साऱ्या देशाने लातूरचे नाव वाचले. त्या पाण्याच्या टाक्यांपासून घरापर्यंत घागरी कोणाच्या डोक्यावरून गेल्या हे मात्र कोणत्याच बातमीत आले नाही. माझी जाऊ सांगते, त्या उन्हाळ्यापासून तिची मान आखडली ती आखडलीच.

माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. ते मणक्यांवर सरळ तोललेले असले तर स्नायूंना फार श्रम पडत नाहीत. मान पुढे झुकली की तोच भार मागच्या स्नायूंना काही पट होऊन ओढावा लागतो. पोळपाट असो, शिलाई मशीन असो, पुस्तक असो की हातातला मोबाईल, स्नायूंना फरक कळत नाही.

आता गोळ्यांविषयी, कारण खरा घोळ इथेच आहे.

त्या डब्यात तीन तऱ्हेच्या गोळ्या होत्या. एक साधी पॅरासिटामॉल. दुसरी किराणा दुकानात सुटी मिळणारी, जिच्यात वेदनाशामकासोबत कॅफिन असते. तिसरी डायक्लोफिनॅक, भाऊजींच्या पाठीसाठी आणलेली, पण सगळेच घेत. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली होती, त्यातली काही पुढे न्यायालयातून सुटली. पण बंदी असो वा नसो, आपल्या वस्तीत गोळीचे नाव कोणी वाचत नाही. रंगावरून मागतात.

डोकेदुखीची गोळीच पुढे डोकेदुखी लावते, हे ऐकून जाऊबाई हसायला लागली. पण हे खरे आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा कॅफिन वगैरे घातलेली मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की मेंदूला त्या गोळीची सवय लागते. तिचा अंमल उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी, पुन्हा दुखणे. सकाळी उठल्याउठल्या दुखायला लागते ते अनेकदा रात्रीच्या गोळीचा अंमल संपल्यामुळे. दिवसात सात-आठ कप चहा पिणाऱ्यालाही चहा चुकला की असेच होते. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या उपाशीपोटी रोज घेतल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडाला इजा होते, रक्तदाब वाढतो. आमच्या वॉर्डात काळी शौच होऊन दाखल होणारे कितीतरी मजूर मी पाहिले. विचारले की म्हणत, सिस्टर, कंबर दुखते म्हणून रोज एक गोळी घेत होतो.

मी स्वतः काही शहाणी नव्हते. रात्रपाळीच्या दिवसांत माझ्या पर्समध्येही गोळ्यांचे पाकीट असायचे, आणि दुसऱ्यांना मी उपदेश करायची. ते पाकीट सुटायला मला सहा आठवडे लागले. पहिले चार-पाच दिवस डोके फुटते की काय असे वाटले.

म्हणून गोळी सोडायची तर आधी दिवस मोजावेत. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस गोळी नको, हा साधा हिशोब धरावा. रोजच्या गोळ्या थांबवल्यावर दोन ते दहा दिवस दुखणे वाढते, मग हळूहळू उतरते. ज्यांना ट्रॅमाडॉल किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय आहे त्यांनी मात्र त्या एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारूनच कमी कराव्यात.

बामाविषयी लोक विचारतात. अमृतांजनची सुरुवात १८९३ साली मुंबईत झाली, म्हणजे आपल्या आजी-पणजीपासून कपाळाला बाम चोळण्याची रीत आहे. पुदिन्याच्या अर्काचा थंडावा वेदनेला थोडा दडपतो, नुकसान काही नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि तान्ह्या लेकराच्या नाकाजवळ मुळीच लावू नये. पण कपाळाला बाम लावून मानेतली गाठ सुटत नाही. दुखते एकीकडे आणि मूळ असते दुसरीकडे.

हे मूळ शोधण्याचे काम अमेरिकेच्या जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या डॉक्टरबाईंनी जन्मभर केले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले आणि १९६१ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत डॉक्टर झाल्या. १९८३ साली डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी स्नायूंतल्या अशा दुखऱ्या जागांवर मोठा ग्रंथ काढला. खांद्यावरच्या स्नायूतली गाठ दाबली की कानशिलात कळ जाते, कवटीच्या खालच्या बारीक स्नायूंतली दाबली की डोळ्याच्या मागे, असा एकेका स्नायूचा नकाशाच त्यांनी काढला. या गाठी नेमक्या कशाच्या असतात यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पण दाबून, शेकून, ताणून आराम पडतो हा अनुभव पुष्कळांचा आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

जावेला मी पाटावर बसवले आणि मान व खांदा यांच्या मधला जाड स्नायू चिमटीत धरला. हरभऱ्याएवढी टणक जागा लागली. ती दाबली तशी ती ओरडली, "हेच! हेच ते कानशिलातलं!" आपले नेहमीचे दुखणे असे बोटाने दाबून उठवता आले तर समजावे की निदान काही भाग तरी स्नायूंतून येतो आहे.

आधी शेक. जाड टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून, मान आणि खांद्यांवर पंधरा-वीस मिनिटे. किंवा तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधलेली पोटली. आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावे. मधुमेह असणाऱ्यांना चटका कळत नाही, त्यांनी कोमटच घ्यावा.

मग चेंडू. पोरांचा खेळण्याचा रबरी चेंडू जुन्या मोज्यात घालावा, म्हणजे निसटत नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, चेंडू भिंत आणि खांद्याच्या वरच्या मांसल भागामध्ये धरावा, मणक्यावर नाही, आणि हळूहळू अंगाचा भार द्यावा. दुखरी जागा सापडली की तिथेच थांबावे. सोळा आण्यांपैकी आठ आणे दुखेल एवढाच दाब. श्वास रोखू नये. अर्ध्या मिनिटात, फार तर मिनिटभरात दुखणे ओसरू लागते. मग पुढची जागा. एका जागेवर मिनिटापेक्षा जास्त नको आणि निळे पडेपर्यंत तर मुळीच नको. आमच्या भाऊजींनी पहिल्या दिवशी हमाली जोर लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हातच उचलता येईना.

कवटी जिथे संपते तिथे मानेच्या दोन्ही बाजूंना खोलगट जागा आहे. उताणे निजून दोन्ही अंगठे तिथे टेकवावेत आणि हो म्हटल्यासारखी मान अगदी थोडी हलवावी. हातात जोर नसेल तर दोन चेंडू एकाच मोज्यात बांधून त्यावर डोके टेकवावे. कानशिलांवर आणि जबड्याच्या कोनावर चार बोटांनी गोल गोल चोळावे. जबडा आपण विसरतो. राग गिळणारी बाई दात आवळून झोपते, आणि गुटखा किंवा सुपारी दिवसभर चघळणाऱ्याचा जबडा तर संध्याकाळी पार थकलेला असतो. ओठ मिटलेले, पण दात सुटे, जीभ टाळूला टेकलेली, असे दिवसातून दहा-वीस वेळा आठवून करावे.

शेक आणि दाब झाल्यावर ताण द्यावा. खुर्चीवर बसून उजव्या हाताने बैठकीची कड धरायची, डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा, ओढ जाणवेल तिथे थांबायचे. वीस-तीस आकडे मोजायचे. दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा. हिसका नाही. मग हनुवटी सरळ मागे ओढायची, जणू मानेला दुहेरी हनुवटी आणायची आहे, असे दहा वेळा. पुतणीला हा प्रकार पाहून हसू आवरेना, पण आता अभ्यास करताना तीच सर्वात जास्त करते. कपाळ तळहातावर दाबायचे आणि हाताने तेवढाच विरोध करायचा, मान हलू द्यायची नाही, पाच ते दहा आकडे. मग बाजूंनी, मग मागून. याने स्नायूंना बळ येते, आणि जुन्या डोकेदुखीत बळ येणे चोळण्यापेक्षा जास्त टिकाऊ ठरते. सगळे मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे. रोज वीस-तीस मिनिटे झपझप चालणेही त्यात धरावे.

दोन गोष्टी करू नयेत. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे कधीही दाबू नये. आणि केस कापल्यावर न्हाव्याकडून कडकन मान मोडून घेऊ नये. कितीही हलके वाटो, त्या हिसक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि तरण्या माणसाला लकवा होऊ शकतो.

कामातही थोडा बदल लागतो, नाहीतर सकाळी सोडवलेली गाठ संध्याकाळी पुन्हा बसते. जावेने खानावळीच्या मालकिणीला सांगून पोळपाटाखाली लाकडी खोके घेतले, वीतभर उंची वाढली. पन्नास पोळ्या झाल्या की उठून खांदे कानापर्यंत उचलायचे आणि सोडून द्यायचे. सुरुवातीला बाकीच्या बाया हसल्या, आता त्याही उठतात. पाणी आणायचे तर एक मोठी घागर डोक्यावर घेण्यापेक्षा दोन लहान कळशा दोन हातांत, एक खेप जास्त झाली तरी चालेल. उशी एकच, पातळ. पुतणीला पुस्तक ठेवायला उतरते डेस्क आणले, ते भाऊजींनीच, न सांगता.

आता सर्वात महत्त्वाचे. पुढील लक्षणे असली तर चेंडू आणि शेक बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. आयुष्यात कधी दुखले नाही असे अचानक, क्षणात उसळलेले डोके. ताप आणि मान ताठ. हातापायाची ताकद जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे. दिवसेंदिवस वाढत जाणारे, झोपेतून उठवणारे, उलट्या करवणारे दुखणे. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत बाईचे जोराचे डोके, कारण त्यात रक्तदाब वाढलेला असू शकतो. नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. अशा वेळी गावातल्या इंजेक्शनवाल्यात दिवस घालवू नये.

घाई नसली तरी एकदा रक्तदाब, डोळ्यांचा नंबर आणि अंगात रक्त किती आहे हे तपासून घ्यावे. जावेचे रक्त कमीच निघाले, त्याच्या गोळ्या वेगळ्या सुरू कराव्या लागल्या. डॉक्टरांनी तिला रात्री झोपताना अमिट्रिप्टिलिनची लहान गोळी दिली. दुकानदाराने चिठ्ठी पाहून सांगितले की ही वेड्यांची गोळी आहे, आणि ती आठ दिवस डब्यात पडून राहिली. ही गोळी मोठ्या मात्रेत उदासीच्या आजारावर देतात हे खरे. पण लहान मात्रेत ती वेदनेची हळवी झालेली यंत्रणा शांत करते. तिने सवय लागत नाही. तोंड कोरडे पडते, सकाळी थोडी सुस्ती येते. काचबिंदू, हृदयाचा आजार किंवा लघवी अडण्याचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायची. आणि ज्यांचे मन खरोखर खचले आहे, झोप उडाली आहे, रडू आवरत नाही, त्यांनी १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. मराठीतून बोलता येते, पैसे लागत नाहीत.

निघताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीने पेन्सिल बांधून दिली. डोके दुखेल त्या दिवशी फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. लिहिता येत नसले तरी हे जमते. पहिल्या महिन्यात २६ फुल्या, १९ गोल. दुसऱ्या महिन्यात फुल्या तेवढ्याच, गोल ९. दसऱ्याला मी पुन्हा गेले तेव्हा त्या महिन्याच्या पानावर ११ फुल्या होत्या आणि गोल तीन. डोके अजून दुखतेच, खानावळीत लग्नाची ऑर्डर आली की हमखास. पण कपाळाचे फडके सुटले होते.

रात्री जेवणे झाल्यावर भाऊजी भिंतीला चेंडू लावून उभे होते. मी विचारले, "काय भाऊजी, टेन्शन आलं का?"

"वहिनी," ते म्हणाले, "जरा डाव्या अंगाला कुठं दाबू ते सांगा."